चित्रकारावाचून चित्रपट

चित्रकाराच्या आयुष्यावरील चित्रपट संपतो, प्रेक्षागृहातील दिवे लागतात, आणि त्या चित्रकाराने एक तरी चित्र कसे उभे केले हे बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला सांगता येत नाही. त्याच्या ध्यानात राहतात ती ऑलिव्हची झाडे, खिडकीतून उतरणारे सोनेरी ऊन, वाऱ्यावर हलणारी पांढरी वस्त्रे आणि एका वृद्धाचे प्रदीर्घ मौन. ही वंचना आता अपवादात्मक राहिलेली नाही. तिला शैलीची प्रतिष्ठा लाभली आहे. महोत्सवांत तिच्यासाठी टाळ्या वाजतात, समीक्षक तिला 'काव्यात्म' ठरवतात आणि पुढचा दिग्दर्शक निःशंकपणे तीच वाट धरतो. या वाटेची किंमत कोण आणि कशी चुकवणार आहे, याचा हिशेब आजच मांडायला हवा, कारण ती रक्कम महाराष्ट्राच्या नावावरही चढू लागली आहे.

जिल बुर्दोस यांचा 'रेन्वार' (२०१२) हे या शैलीचे सर्वांत देखणे आणि म्हणूनच सर्वांत घातक उदाहरण. कान महोत्सवातील 'अं सर्तें रगार' विभागाचा समारोप याच चित्रपटाने झाला आणि पुढे फ्रान्सने ऑस्करसाठीही त्यालाच पाठवले. काळ १९१५चा. भूमध्य समुद्रानजीकच्या कान्य गावी, 'ले कोलेत' नावाच्या मळ्यात ७४ वर्षांचा प्येर-ओग्युस्त रेन्वार चाकाच्या खुर्चीला खिळलेला आहे. पत्नी नुकतीच निवर्तली आहे. दोन थोरले पुत्र महायुद्धात जायबंदी झाले आहेत. संधिवाताने हातांची बोटे तळव्याकडे वळून ताठरली आहेत. अशा वेळी आंद्रे नावाची तरुणी मॉडेल म्हणून येते, वृद्धाचा कुंचला पुन्हा जागा होतो आणि जखमी होऊन परतलेला मुलगा ज्याँ तिच्यात गुंततो. हाच ज्याँ रेन्वार पुढे जागतिक चित्रपटाचा आधारस्तंभ झाला. 'द रिव्हर'च्या निमित्ताने तो बंगालात आला तेव्हा तरुण सत्यजित राय त्याच्याबरोबर जागा धुंडाळत हिंडले होते. पित्याची चित्रकला पुत्राच्या चित्रपटकलेला वारसा सोपवते तो कान्य गावचा हा क्षण. एवढा ऐवज हाताशी असताना १११ मिनिटांत हा चित्रपट काय दाखवतो? ऊन दाखवतो.

कॅमेरा अखंड तरंगत राहतो. प्रत्येक चौकट भिंतीवर टांगावी इतकी सुबक आहे, आणि नेमके तिथेच पाणी मुरते. रेन्वार रंगवताना दिसतो. परंतु तो काय निवडतो, कशापाशी अडतो, काय खरवडून टाकतो, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग ठेवण्याचा निर्णय त्याने का घेतला, याचा थांगपत्ता लागत नाही. वस्तुतः या माणसाचे आयुष्य म्हणजे हातांचा इतिहास आहे. लिमोझला जन्मलेला हा शिंप्याचा मुलगा तेराव्या वर्षी पॅरिसमध्ये चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवायला लागला. कारागिराची ती शिस्त त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. बोटे उघडेनाशी झाल्यावर कुणीतरी कुंचला त्यांच्यात खोचून द्यायचा. हात कॅनव्हासभर पोहोचेना, तेव्हा कॅनव्हासच रुळांवर चढवून वरखाली सरकवण्याची सोय करण्यात आली. आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असलेले 'स्नान करणाऱ्या स्त्रिया' हे १९१८-१९चे चित्र अशा अवस्थेतून निर्माण झाले, आणि त्यासाठी बसली ती हीच आंद्रे. वेदना आणि मांसल आनंद यांचा हा विलक्षण संघर्ष चित्रपटात केवळ सूचित होतो. दिग्दर्शकाचे लक्ष तोवर पुन्हा झाडांकडे गेलेले असते.

या चित्रपटामागील एक तपशील तर समग्र विपर्यासाचे सार सांगून जातो. रेन्वारची भूमिका मिशेल बुके या थोर नटाने केली, आणि ती उत्तम केली. मात्र जवळून दिसणारा, प्रत्यक्ष रंग लावणारा हात त्यांचा नाही. तो गी रिब यांचा. हे गृहस्थ म्हणजे नामवंत चित्रकारांच्या शैलीत बनावट चित्रे रंगवल्याबद्दल फ्रेंच न्यायालयाने २०१०मध्ये दोषी ठरवलेले निष्णात नकलाकार. त्यांच्या हस्तकौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु चित्रकाराच्या विचारापेक्षा त्याच्या शैलीची प्रतिकृती ज्यांना पुरेशी वाटते, त्यांना याहून प्रामाणिक नेमणूक करता आली नसती!

आणि खरा हात उपलब्ध होता. त्याच १९१५ साली साशा गित्री या नाट्यकर्मीने कॅमेरा उचलला आणि रोदँ, मोने, देगा, सारा बर्नहार्ट यांच्यासह खुद्द रेन्वारचे चित्रण करून ठेवले. ते मूक, कृष्णधवल आणि ओबडधोबड आहे. देगाने नकार दिला म्हणून त्याला रस्त्याने जाताना गुपचूप टिपले आहे. रेन्वारच्या वाट्याला मोजकीच मिनिटे आली आहेत. तोंडात सिगारेट, शेजारी धाकटा मुलगा, आणि गुंडाळलेल्या, गाठाळलेल्या मुठीत अडकवलेला कुंचला. तो हात कॅनव्हासवर झेपावतो तो चिमणीने दाणा टिपावा तसा, झटक्यात आणि अचूक. नजर वर जाते, खाली येते, पुन्हा वर. त्या मिनिटांत वृद्धत्वाचे कारुण्य शोधूनही सापडत नाही. सापडते ती कामाची घाई. शंभर वर्षांनंतर, रंग, संगीत आणि सर्व तंत्रवैभव दिमतीला असताना निर्मिलेल्या चित्रपटात जे नाही, ते त्या धूसर फितीत आहे.

येथे एक सोयीस्कर बचाव पुढे केला जातो. संथ चित्रपट सोसण्याची पात्रताच प्रेक्षकात उरलेली नाही, असे म्हणायचे आणि सुटायचे. नाचता येईना, अंगण वाकडे! माइक ली यांचा 'मिस्टर टर्नर' (२०१४) अडीच तासांचा आहे आणि त्यालाही कसली घाई नाही. परंतु टिमथी स्पॉल यांनी भूमिकेसाठी दीर्घकाळ चित्रकलेचे धडे घेतले, आणि पडद्यावरचा टर्नर कॅनव्हासवर थुंकतो, घासतो, रंग बोटांनी पसरवतो. १८३२च्या रॉयल अकादमीतील तो प्रसंग आठवावा. शेजारी कॉन्स्टेबल आपल्या भव्य चित्रावर अखेरचा हात फिरवत असताना टर्नर येतो, स्वतःच्या करड्या समुद्रावर लाल रंगाचा एकच ठिपका थापतो आणि निघून जातो. परत येऊन त्याच ठिपक्याला तो पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार देतो. ईर्ष्या, विनोद, अहंकार आणि रंगशास्त्र, सारे त्या एका ठिपक्यात. आंरी-जॉर्ज क्लूझोने तर १९५६मध्ये पारदर्शी कागदापलीकडे कॅमेरा ठेवून पिकासोची रेषा उमटताना आणि बदलतानाच चित्रित केली. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या लघुपटात कथा नाही, निवेदनाचा भार नाही. आहेत त्या कंदील, छत्री, जोडा अशा वस्तू आणि त्यांच्याकडे पाहणारी चित्रकाराची दृष्टी. बर्लिनने त्याला गोल्डन बेअर दिले. संथपणा हा अपराध कधीच नव्हता. पाहण्याजोगे काही नसताना प्रेक्षकाला ताटकळत ठेवणे हा आहे.

आता घरात डोकावू. मराठी चित्रपट चित्रकारांच्या हातून घडला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले दादासाहेब फाळके रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम करून मग चित्रपटाकडे वळले. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'बाबूराव पेंटर' झाले, स्वतःचा कॅमेरा त्यांनी घडवला आणि 'सैरंध्री' (१९२०) निर्माण केला. त्यांच्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही त्यांच्याच कुंचल्यातून उतरली. त्या परंपरेचा वारस म्हणवणाऱ्या मराठी चित्रपटाने गेल्या दीड दशकात चरित्रांचा सपाटा लावला. बालगंधर्व आले, टिळक आले, घाणेकर, पुलं, वसंतराव आले. चित्रकार या पंगतीत जवळजवळ नाहीच. रविवर्म्यांवरचा, केतन मेहता यांचा हिंदी 'रंगरसिया' रणजित देसाईंच्या कादंबरीवर आधारलेला. २००८मध्ये पूर्ण होऊन २०१४मध्ये प्रदर्शित झाला, आणि चर्चा रंगली ती नायिकेच्या अनावृत देहाची. घराघरात देव पोहोचवणाऱ्या शिळाप्रेसविषयी फार कोणी बोलले नाही. चित्रशाळेतील मॉडेलचा प्रश्न थेट मांडणारा रवी जाधव यांचा 'न्यूड' २०१७मध्ये गोव्याच्या इफ्फीतील इंडियन पॅनोरमातून मंत्रालयानेच वगळला. म्हणजे सोनेरी उन्हातली संथ नग्नता परदेशी असेल तर ती कला, आणि पोटासाठी वर्गात उभी राहणारी मराठी बाई मात्र अडचण.

उद्या कोणी या उपेक्षेची भरपाई करायला निघाला आणि 'रेन्वार'चेच प्रारूप त्याने उचलले, तर काय घडेल याची कल्पना करणे कठीण नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात एक जलरंगचित्र आहे. हाती दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीपुढे दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या कडांतून पाझरणारा लालसर प्रकाश. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५च्या सुमारास आपल्या कन्येला समोर उभे करून ते रंगवले. तैलरंगात चूक झाली तर वर दुसरा थर चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. तो एकदा माखला की परतीची वाट फार अरुंद. म्हणजे त्या चित्रातील प्रत्येक उजळ कण हा चित्रकाराने स्वतःला वेळेवर थांबवल्याचा पुरावा आहे. यात नाट्य आहे, ताण आहे, बापलेकीचे नाते आहे. आमचा भावी दिग्दर्शक मात्र दिवाळीचे दिवे, संथ आलाप आणि खिडकीपाशी उभे हळदणकर दाखवून मोकळा होईल. आताच हे चित्र असंख्य मराठी माणसे रविवर्म्याचे म्हणून परस्परांना पाठवत असतात. रविवर्मा १९०६मध्ये निवर्तले. चाळीस वर्षांनंतरचे चित्र त्यांच्या नावावर खपते आणि कोणाला काही खटकत नाही, इतकी आमची नजर आताच क्षीण झाली आहे.

सामग्रीचा दुष्काळ आहे असेही म्हणता येणार नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी जे. जे.मधील आपल्या कारकिर्दीचा वृत्तांत 'कलामंदिरातील ४१ वर्षे' या ग्रंथात स्वहस्ते लिहून ठेवला आहे. वसाहतकालीन कलाशिक्षण, गोरे प्राचार्य, एतद्देशीय शिक्षकाची कुचंबणा आणि रेषेवरील असामान्य प्रभुत्व असे सर्व काही त्या आयुष्यात आहे. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांनी महाराजांच्या निधनानंतर आपली चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापूर आजही सांगते. वासुदेव गायतोंडे यांनी आयुष्यभर माणसे कमी केली, शब्द कमी केले आणि कॅनव्हासवर रंगाचे थर चढवले, खरवडले, पुन्हा चढवले. अशा कलावंताच्या बाबतीत तर 'मौन' हे भुरळ घालणारे आयते घबाड आहे. त्याच्यावर तीन तासांची स्तब्धता लादण्याचा मोह अनेकांना होईल. ते थर कसे चढत, हे दाखवण्याचे कष्ट कोणी घेणार आहे काय?

दुर्लक्षाचे परिणाम क्रमाने येतात आणि प्रत्येक परिणाम पुढच्याला वाट करून देतो. प्रथम प्रेक्षक उठून जातो. चित्रकाराचे आयुष्य म्हणजे कंटाळा, ही खूणगाठ बांधूनच तो जातो. मग निर्माता म्हणतो, चित्रकार चालत नाहीत. मग जी संहिता खरोखर चित्रशाळेत शिरू पाहते तिला पैसा मिळत नाही. हयात चित्रकाराचे काम टिपण्याची निकड कोणाला वाटत नाही आणि तो जातो तेव्हा त्याची पद्धतही त्याच्याबरोबर जाते. बाबूराव पेंटरांच्या मूकपटांचे काय झाले ते समोर आहे. ज्या 'सैरंध्री'साठी टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटले, तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही. इकडे शाळांत चित्रकलेचा तास इतर विषयांच्या उरलेल्या पाठांसाठी वापरला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे स्वच्छ लिहिले आहे. प्रत्यक्षात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांपुरत्या उरल्या आहेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? न शिकवलेली नजर मोठी झाली की तिला चित्राविषयी एकच गोष्ट कळते, ती म्हणजे भाव. २०२५मध्ये हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा'ला न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले, ही बातमी सर्वांना पाठ आहे. त्या चित्रात काय आहे, हे विचारून पाहावे.

आणि जेथे नजर नाही पण भाव आहे, तेथे नकलाकाराची चांदी ठरलेली. २०११मध्ये कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून प्रदर्शित केलेली वीस चित्रे बनावट असल्याचा निष्कर्ष पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी काढला. रवींद्रनाथांच्या गावात, एका कला महाविद्यालयाच्या भिंतींवर हे घडू शकते, तर जिथे धुरंधर आणि हळदणकर यांतला फरक सांगणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत तिथे काय घडेल? फ्रान्समध्ये बनावट चित्रे करणारा निदान आधी तुरुंगापर्यंत पोहोचला आणि मग चित्रपटात आला. आपल्याकडे त्याला ओळखणारेच उरले नाहीत, तर तो थेट संग्रहालयात प्रवेश करील.

म्हणून ज्यांच्या हाती सूत्रे आहेत त्यांना हे स्पष्टपणे बजावणे भाग आहे. चित्रकारावर चित्रपट करू इच्छिणाऱ्या दिग्दर्शकाने संहितेच्या पहिल्या खर्ड्यापासून एक चित्रकार शेजारी बसवावा, आणि नटाला निदान कोळशाने रेषा ओढता येईपर्यंत चित्रीकरण सुरू करू नये. राज्य शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते. कलावंतांच्या चरित्रपटाची प्रतवारी करणाऱ्या समितीत कलेचे जाणकार असलेच पाहिजेत. केवळ पोशाख आणि वाडे पाहून गुण देणे थांबावे. फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२मध्ये एनएफडीसीमध्ये विलीन झाले. त्यांच्या कपाटांतील चित्रकारांवरचे माहितीपट शाळा-महाविद्यालयांना सहज पाहता येतील अशी व्यवस्था त्या महामंडळाने करावी. औंधच्या श्री भवानी चित्रसंग्रहालयासारखे वैभव सातारा जिल्ह्यात असताना तिथे सहल न नेणाऱ्या शाळांना शिक्षण खात्याने जाब विचारावा. समीक्षकांनीही कंटाळ्याला 'ध्यानमग्नता' म्हणण्याचे सौजन्य आता आवरते घ्यावे. या सौजन्याने दिग्दर्शकांचे भले झालेले नाही आणि चित्रकारांचे तर मुळीच नाही.

यांतील सर्वांत तातडीचे काम सर्वांत स्वस्त आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात आज ऐंशीच्या पलीकडे गेलेले, तरीही रोज कॅनव्हाससमोर उभे राहणारे चित्रकार आहेत. एक कॅमेरा, एक जाणकार प्रश्नकर्ता आणि चित्रकाराच्या खोलीत काही दिवसांचा मुक्काम, यापलीकडे त्यासाठी काही लागत नाही. विलंब झाला तर पुढे अभिनेत्याच्या बाहीतून दुसऱ्याचा हात बाहेर काढण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. दोन्ही राज्यांच्या सांस्कृतिक खात्यांनी अशा चित्रकारांची नावे आणि चित्रणाचे वेळापत्रक येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी जाहीर करावे.